आक्कांचा टरफलांचा डबा

सुमतीआक्कांस्नी मी पयल्यांदा बघितलं तवा त्या आमच्या मागच्या खोलीत भिंतीला नाक लावून उभ्या हुत्या.

दुपारची येळ. मी वड्यावरनं धुनं घिऊन आले हुते. घरात कोन न्हाई, दार उघडं, आनि आत ही पाठमोरी बाई. पांढरी साडी, पांढरं क्यास, आनि भिंतीचा वास घेतीया. माझ्या हातातली बादली तशीच ऱ्हायली. मला वाटलं, आली. जिची दोन महिनं धास्ती घेतल्याली ती आली.

त्या वळल्या. डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा, हातात घड्याळ, तेबी मनगटाच्या आतल्या अंगाला. भुताला घड्याळ कशाला लागतंय, म्हनून माझा जीव जरा भांड्यात पडला.

"पावसागत वास येतोय गं तुझ्या भिंतीला," त्या म्हनल्या. "चवीला कशी हाय, ठावं हाय का?"

ही आमची वळख. त्याला आता दोन वर्सं झाली. आक्कांस्नी पंच्याहत्तर पुरी होत्यात म्हनून हे पुस्तक निघतंय, त्यात मोठमोठी मानसं लिवनार. मी आठवी शिकल्याली. पुस्तक करनाऱ्या ताई म्हनल्या, जसं बोलता तसंच लिवा. तसंच लिवते.

आमचं गाव साताऱ्याकडं, मेढ्याच्या वरच्या अंगाला. घरात आमी तिघी. मी, माझी सासू, त्यास्नी मी आत्या म्हनते, आनि माझी लेक सानिका. तवा ती चौदा वर्सांची हुती. सानिकाचं पप्पा मिल्ट्रीत, वर्सातनं दोनदा येत्यात. घराचा म्होरला भाग इटांचा, स्लॅबचा. मागची एक खोली तेवढी जुनी, मातीच्या भिंतीची. तिथं कोन निजत न्हाई. आमच्यात अजून अडचनीत बाया कडंला बसत्यात, ती बसायची जागा म्हंजे ती खोली. चार दिस येगळी चटई, येगळा तांब्या, ताट दारातनं सरकवायचं. मीबी बसलेय, आत्याबी बसल्यात.

त्या खोलीच्या भिंतीला चटईच्या वर हातभर उंचीवर एक खड्डा दिसाया लागला. पयल्यांदा वाटलं उंदीर आसंल. लिंपून घेतला. चार दिसांनी बघते तर परत, आनि आता बोटाच्या खुना. वरनं खाली, चार-चार. कुनीतरी आतनं बाहेर यायला उकरतंय का काय, असं दिसायचं.

मी आत्यास्नी दाखवलं. आत्या बघून खालीच बसल्या. म्हनल्या, "तिथंच हुता."

"काय तिथंच हुता?"

"कुसुमचा."

कुसुम म्हंजे माझी ननंद. मी तिला बघितली न्हाई. माझं मालक सा वर्सांचं असताना ती गेली, चौदा वर्सांची हुती. कशानं गेली ते घरात कोन बोलत न्हाई. फोटूबी न्हाई. आत्या त्या दिशी एवढंच बोलल्या, "ती माती खायची. ह्याच जाग्यावरची. तिला कुनीतरी सांगायचं खा म्हनून. आता तीच सानिकाला बोलावतीया."

बघा, माझी तवा काय गत झाली आसंल. सानिका पांढरी पडत चाललेली, हे मला दिसत हुतं. जिना चढली की छातीला हात लावायची. बोलायची कमी. इचारलं तर "काय न्हाई मम्मी." मी तिच्याकडं रोखून बघत बसायची, म्हंजे हिच्यात दुसरं कोन दिसतंय का. पोरगी आईच्या नजरंला घाबरली आनि लांब पळाली. मला वाटलं, बघा, ओढून न्हेलीच.

आत्यांनी सांगितलं तसं मी त्या खड्ड्याम्होरं दहीभाताचं पान ठिवलं. सकाळी बघितलं तर भात तसाच, भिंत कमी. मग मी मातीत लिंबाचा पाला नि मिरचीपूड कालवून लिंपलं. दुसऱ्या दिशी मिरचीसकट गेल्यालं. तवा माझी खातरीच झाली, हे मानसाचं काम न्हवं.

मग एक दिस सानिका शाळंत परार्थनेला चक्कर यिऊन पडली. शाळंतल्या बाईंनी आक्कांस्नी फोन केला. आक्का ह्याच भागात चाळीस वर्सं नर्स हुत्या. रिटायर झाल्यावर लेकाकडं सांगलीजवळ कुपवाडला गेल्या, पर महिन्यातनं एकदा यस्टी धरून मेढ्याला येत्यात नि पोरापोरींच्या आयांस्नी जमवून बसत्यात. त्या दिशी त्या मेढ्यातच हुत्या. तर आक्का शाळा सुटायची वाट न बघता सरळ आमच्या घरी आल्या, आनि भिंतीचा वास घेत उभ्या ऱ्हायल्या.

त्या दिशी सानिका शाळंतनं आली ती अडचनीत. जाऊन चटईवर बसली. दिस कलायला लागला. आक्का जैनाच्या, दिस बुडायच्या आत जेवनार. म्हनल्या, "कांदा-लसूण नको. भाकरी नि ताक दे. आनि ही पोरगी वाढंल मला."

आत्या चिडल्या. "आवं बाई, ती कडंला हाय!"

"बरं झालं. एका जाग्यावर घावली."

"तुमी जैनाची मानसं. तुमच्यात तर लय कडक."

"हाय की. माझी सासू माझी सावली पडू द्यायची न्हाई. पर वैनी, चाळीस वर्सं मी बायकांच्या रगतात हात घातल्यात. माझा इटाळ आता कुठनं धुवायला काढता?"

आक्का त्या खोलीत गेल्या, चटईवर बसल्या, सानिकाच्या हातनं भाकरी घेतली आनि खाल्ली. सानिका रडायला लागली. चार वर्सांत त्या खोलीत तिच्याबरं कोन जेवल्यालं न्हवतं.

जेवान झाल्यावर आक्कांनी पिशवीतनं शेंगा काढल्या. त्यांच्या रानातल्या, सांगलीकडच्या. "तुमच्या डोंगरात शेंगा बारीक नि मानसांची नाकं मोठी," म्हनल्या. मग त्या सानिकाच्या पाठीला पाठ लावून बसल्या. तिचं तोंड भिंतीकडं, ह्यांचं दाराकडं. मला म्हनल्या, "तू उंबऱ्यात बस, तोंड अंगनाकडं. वळून बघायचं न्हाई. काय बी ऐकू आलं तरी."

मी बसले. मागं नुसता शेंगा फुटल्याचा आवाज. आक्का आपल्या गुडघ्याचं सांगत हुत्या, मग यस्टीतल्या कंडक्टरचं. सुट्ट्या पैशावरनं त्यानं त्यांस्नी "म्हातारे" म्हनलं तर ह्या म्हनल्या, "तुझ्या आईचं बाळंतपन मीच केलंय, उतरवतोस का न्हेतोस?" सानिका हसली. मला ते हसनं ऐकून काटा आला, एवढ्या दिसांनी ऐकलं.

मग आवाज थांबला. आनि माझ्या पाठीमागनं, माझ्या लेकीचा, पर लय लांबनं आल्यागत आवाज आला. "आजी, माती ग्वाड लागती."

मला वळायचं हुतं. मी उंबरा दोनी हातांनी धरला.

आक्का म्हनल्या, "कोन सांगतंय का खायाला?"

"न्हाई. तांब्यातलं पानी मारलं की वास सुटतो. मग ऱ्हावत न्हाई."

"बरं. आनि अंगावरचं?"

एक शेंग फुटली. "थांबत न्हाई. पाचव्या दिशी मी डोक्यावरनं आंघूळ करते नि झालं म्हनून सांगते. इथं एकटं बसाया नको वाटतं. पर थांबल्यालं नसतंय."

मी तिची आई. एका छपराखाली. चार वर्सं मला पत्ता न्हवता.

आक्कांनी तिचं डोळं खालनं उघडून बघितलं, नखं बघितली. मग मला त्या खड्ड्याम्होरं न्हेलं, सानिकाला चटईवर बसवलं नि तिचा हात सरळ धरला. बोटं बरुबर खड्ड्यात. "बघ. जागा तीच, कारन बसायची जागा तीच. भिंतीपल्याडच्या न्हानीच्या वलीनं माती इथंच मऊ ऱ्हाती. अंगातलं रगात आटलं की मानूस असलं काय बी खातंय, माती, खडू, तांदूळ. पोरीला कोन बोलवत न्हाई, बये. पोरगीच बोलावतीया. तुमाला."

दुसऱ्या दिशी साताऱ्याच्या दवाखान्यात न्हेलं. रगात एवढं कमी की डाक्टरनी तिथंच ठिवून घेतलं, दोन बाटल्या चढवल्या. शाळंत दर सोमवारी लोहाची गोळी देत्यात, ती ही पोटात मळमळतं म्हनून थुकायची, हेबी तवाच कळलं. डाक्टर म्हनले, नुसतं रगात भरून भागनार न्हाई, एवढं का जातंय ते शोधलं पायजे. त्यांनी इचारलं, "घराण्यात आधी कुणाला असा त्रास होता का? आत्या, मावशी, कोणी?"

आत्या माझ्या शेजारी हुत्या. म्हनल्या, "न्हाई. कुनाला न्हाई."

मला कुसुम आठवली. पर तिचं मातीचं तेवढं मला ठावं, बाकी काय न्हाई. मोठ्या मानसाचा शब्द डाक्टरम्होरं कसा मोडू? मी गप बसले. ही माझी चूक, इथं कबूल करते.

घरी आल्यावर आक्कांनी सानिकाला एक डबा दिला. दुधाच्या पावडरीचा, पत्र्याचा, त्यांच्या नोकरीच्या टायमाचा, रंग गेल्याला. म्हनल्या, "अंगावर जातंय त्या दिशी शेंगंचं एक टरफल ह्यात टाकायचं. कुनाला सांगू नको, आई इचारनार न्हाई. महिन्यानं डाक्टरला दाखवायचं." आक्कांची ही रीत हाय. पोराला तोंडावर इचारलं की पोर खोटं बोलतंय, असं त्या सांगत्यात. ते लबाड म्हनून न्हवं, आईचं तोंड बघून.

डबा मागच्या खोलीतल्या कोनाड्यात ठिवला. महिना झाल्यावर मी झाकन काढलं. एकोनीस.

सानिकाला बोलावलं तर ती डब्याकडं बघतच ऱ्हायली. "मम्मी, मी अकरा टाकली."

"नीट आठव."

"भिंतीवर रेघाबी वढल्यात मी. बघ. अकरा."

अकरा रेघा हुत्या. मी टरफलं सुपात वतली, परत मोजली. एकोनीस. मी अकरा ठिवून बाकीची उंबऱ्याभाईर टाकली. दुसऱ्या दिशी दुपारी डबा हालवून बघितला तर जास्त वाजला. बारा. त्याच्या दुसऱ्या दिशी तेरा. सानिका शाळंत, मी रानात. घराला आतनं कडी. आक्कांनी भिंतीचं कोडं सोडवल्यालं, मला पटल्यालं, तरी सांगते, त्या दिशी त्या खोलीत मला एकटं उभं ऱ्हावंना. पत्र्याच्या डब्यात कोन तरी आपलं दिस मोजत हुतं, आनि ते आमच्या सानिकाचं न्हवतं.

आक्कांस्नी मिस कॉल दिला. त्यांचं ठरल्यालं हाय, आयांनी मिस कॉल द्यायचा, फोन त्या करनार. सगळं ऐकून घेतलं, आनि एकच इचारलं, "दिवसभर घरात कोन असतंय?"

"कोन न्हाई. आत्या तेवढ्या."

"बरं. येते."

दुसऱ्या दिशी दुपारी आल्या. आत्यांस्नी काय इचारलं न्हाई, बोट दाखवलं न्हाई. शेंगांची पिशवी सोडली, म्हनल्या, "वैनी, या, पाठ टेकायला मानूस न्हाई मला." दोघी म्हाताऱ्या त्या चटईवर पाठीला पाठ लावून बसल्या. मी उंबऱ्यात, तोंड अंगनाकडं. मला आता सांगावं लागत न्हवतं.

शेंगा फोडता फोडता आत्यांचा आवाज आला, पर असा की मला वाटलं ही दुसरीच कोन बोलतीया, तरनी बाई.

"बारा दिस जायाचं तिला. कवा पंधरा. दात घासतानाबी रगात यायचं. मी म्हनायची नाटकं करती, रानात भांगलायला नको म्हनून. भिंत खायची तर मी लिंपून टाकायची. तिचं दिस कवाच मोजलं न्हाईत मी. सानिका टाकायला लागली डब्यात, तवा वाटलं, तिचंबी टाकावं. आठवून आठवून टाकते. मोजायची ऱ्हायली हुती ती."

"डाक्टरला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मीच मारली असं झालं असतं न्हवं."

मला वाटलं आक्का आता समजूत घालतील. त्यांनी घातली न्हाई. त्या म्हनल्या, "मारली न्हाई. इचारलं न्हाई. आनि तुमी एकट्यांनीच न्हाई. मी ह्या घरी आल्ते तवा. तुमच्या धाकट्याला डोस द्यायला. पोरगं रडत हुतं, तुमी त्याला धरलं हुतं. आनि ह्या खोलीच्या दारात पांढऱ्या व्हटांची एक पोरगी उभी. बोटाला वली माती. मी बघितलं, वैनी. कळलंबी मला. पर मला यस्टी घावायची हुती. म्हनलं, पुढच्या खेपंला बघू. पुढच्या खेपंला पोरगी न्हवती."

म्हंजे आक्कांस्नी हे घर ठावं हुतं. पयल्या दिशी त्या भिंतीचा वास घेत उभ्या हुत्या त्या सानिकासाठनं उभ्या न्हवत्या.

हे लिवू का, म्हनून मी आक्कांस्नी इचारलं. गौरवाच्या पुस्तकात असलं कोन लिवतंय? आक्का म्हनल्या, "तेच लिव. न्हाईतर लेख दिऊ नको."

दुसऱ्या दिशी आत्या सवताच्या पायानं साताऱ्याला आल्या आनि डाक्टरला सगळं बोलल्या. डाक्टरनी लगीच सांगलीकडं मोठ्या तपासनीला पाठवलं. आठ दिस आमी तिघी कुपवाडला आक्कांच्या घरी हुतो. दोन खोल्यांचं घर, त्यात आमची वरात. आक्कांच्या सूनबाईंनी तोंड वाकडं केलं न्हाई. तपासनीत निघालं, सानिकाचं रगात लवकर गोठत न्हाई. जन्माचाच दोष, बापाकडनं आल्याला. कुसुमलाबी तोच आसनार, असं डाक्टर म्हनले. ह्याला औषध हाय. तारखंला घ्यायचं, दात काढायचा, आपरेशन करायचं म्हनलं की आधी डाक्टरला सांगायचं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीनं एक पोरगी गेली, आनि दुसरी जानार हुती.

फोनवर मी सानिकाच्या पप्पास्नी सांगितलं, तुमच्याकडनं आलंय. ते म्हनले, "लहानपनी माझं नाक फुटलं की थांबायचं न्हाई. ताई मांडीवर डोकं घिऊन बसायची." बहिनीबद्दल त्यांच्या तोंडनं मी पयल्यांदा ऐकलं. त्यांचीबी तपासनी झाली.

कुपवाडला असताना मी आक्कांची रविवारची बैठक बघितली. कारखान्यातली मानसं, आया, दोन-चार बापबी गाडीवरनं येत्यात. कोन भाषन करत न्हाई. शेंगांचा ढीग मधी. एक बाप आल्याला, लेथवर काम करनारा, म्हनला, "आक्का, पोरगं धावीत हाय, महिनाभर माझ्याशी बोललं न्हाई. मोबाईल काढून घेतला तर दार लावून बसतंय." आक्का म्हनल्या, "तू त्याच्याशी कवा बोलला हुतास? मार्क सोडून." तो शेंग फोडायचा थांबला. आक्का म्हनल्या, "फोड, फोड. घरी जाऊन त्याच्या पाठीला पाठ लावून बस. झोप लागती का, भूक लागती का, एवढंच इचार. आनि उत्तर आलं न्हाई तर उठू नको." पुढच्या रविवारी, आक्का सांगत हुत्या, तो आला आनि म्हनला, पोरगं बोललं. काय बोललं ते त्यानं सांगितलं न्हाई, आक्कांनी इचारलं न्हाई.

आता आमच्या घरी कोन कडंला बसत न्हाई. मागच्या खोलीत सानिका अभ्यास करती. तिचं टरफल महिन्याला पाच, कवा सा. गाल भरल्यात. उलटंबी बोलाया लागलीया, ते चांगलं का वाईट आक्कांस्नी इचारलं, तर म्हनल्या, "अंगात रगात आलं, दुसरं काय." दसऱ्याला भिंत लिंपली तवा सानिकाचा खड्डा तिनं सवता भरला. त्याच्या खाली, माती खरवडताना, जुन्या लिंपनाचं पापुद्रं निघालं आनि आत दुसरा खड्डा घावला. वाटीगत गुळगुळीत. आत्यांनी परत आठवून मोजल्याली टरफलं त्यात ठिवली नि तेवढा भाग लिंपू दिला न्हाई. तो उघडाच हाय. घरात येनाऱ्याला दिसतो, कोन इचारलं तर आत्या सांगत्यात, "ही माझी कुसुम."

मी अजून घाबरते, हे खोटं कशाला सांगू. रोज सकाळी उठून पयली भिंत बघते. डबा हालवून बघते. पर आता त्या भ्याला कुनाकडं न्यायचं ते ठावं हाय.

आक्का, तुमचा वाढदिवस म्हनून सानिकानं तुमच्या पंच्याहत्तर वर्सांची पंच्याहत्तर टरफलं मोजून तुमच्याच डब्यात टाकली. मला वाटलं वर यिऊन सांडतील. डबा अर्धाबी भरला न्हाई. आत्यांनी बघितलं, झाकन लावलं आनि म्हनल्या, "लय जागा हाय अजून. सांग त्यास्नी, टाकत ऱ्हावा म्हनावं. आनि गुडघ्याला तेल लावा. आमच्या घरची वाट चढाची हाय."